हाकेला येते, पण हाताला लागत नाही: सत्तरीतल्या एका कुत्रीचं प्रकरण

हे प्रकरण गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका कुटुंबाचं आहे. गावाचं नाव, माणसांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत किंवा गाळले आहेत. कुत्रीला इथे मैना म्हणू. रस्त्यावरची कुत्री घरात घेणाऱ्या कुटुंबांना सुरुवातीच्या काळात मदत करण्याचं काम मी करते, त्यातून हे प्रकरण माझ्याकडे आलं.

"कुत्रा हाक ऐकत नाही" ही तक्रार घेऊन बरेच लोक येतात. मैनेला हाक ऐकू येत होती, तिचा अर्थही कळत होता आणि ती धावत येतही होती. फक्त माणसापासून दोन हातांवर थांबायची. सगळं प्रकरण त्या दोन हातांच्या अंतराचं आहे. हाकेला येणं शिकवायच्या बहुतेक सूचनांमध्ये कुत्रा दुरून निघाला कसा याचीच चर्चा असते, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पार्श्वभूमी

घर चिऱ्याचं, कौलारू. पुढे पडवी, मागे न्हाणी आणि कमरेएवढ्या गडग्याने (दगडी कुंपणाने) वेढलेलं मागचं आंगण. त्यापलीकडे कुळागर: पोफळी, माड, केळी, मिरवेली, मधून पाण्याचे पाट, आणि शेवटी व्हाळ, म्हणजे ओढा. व्हाळाच्या पलीकडे काजूचा डोंगर आणि मग रानच. म्हादई अभयारण्य सत्तरीतच आहे. 1999 साली घोषित झालेलं, 208 चौरस किलोमीटरचं. कुळागराला कुंपण नाही आणि घालणं परवडणारंही नाही.

घरात चार माणसं. भाऊ औद्योगिक वसाहतीत पाळीला जातात. वहिनी घर आणि कुळागर बघतात. मुलगा बारावीला. आणि आजी, ज्यांचा दिवस पडवीतल्या बाकावर जातो.

मैना पावसाळ्यात आली. वाळपईला, तालुक्याच्या मुख्य गावी, बसस्टॉपवर मुलगा तिला बिस्किटं घालायचा. एक दिवस रिक्षाने आणली. वय दातांवरून दीड वर्षाच्या आसपास. कानाला खाच होती, म्हणजे नसबंदी झालेली. तशी खूण केल्यावरच कुत्र्याला पकडलेल्या जागी परत सोडतात. एवढ्यावरून इतकं नक्की कळत होतं की या कुत्रीला निदान एकदा तरी माणसांनी पकडून नेलं होतं, आणि मोकाट कुत्रा पकडायचा तर बहुधा जाळंच वापरतात. ते काम गरजेचं आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण हात आणि पकड यांची सांगड तिच्या डोक्यात तिथूनच बसली असावी.

आणखी एक गोष्ट. पिल्लाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ असा असतो की त्यात ज्याची ओळख होते ते आयुष्यभर आपलं वाटतं. बाजारात वाढलेल्या पिल्लाला त्या काळात माणसं दिसतात, त्यांचा आवाज, वास, पायांची वर्दळ सगळं ओळखीचं होतं. हात मात्र फारसा अंगावर येत नाही, आणि आला तर दगड घेऊन. मैना अगदी तशीच होती. माणसांच्या पायाशी निवांत झोपायची. वरून हात आला की उठायची.

अडचण

दिवाळीनंतर शेजारच्या घरचा कुत्रा एका रात्रीत नाहीसा झाला. व्हाळाकाठच्या चिखलात ठसे होते, ते बिबट्याचे असल्याचं जाणकारांनी सांगितलं. घरच्यांनी ठरवलं की मैनेला तिन्हीसांजेपासून पडवीत बांधायचं. निर्णय बरोबर होता. पुढचा त्रास त्याच्या अंमलबजावणीतून सुरू झाला.

भाऊ कामावरून आले की "यू यू यू" करून हाक मारायचे. हातात बांगड्याचा तुकडा. मैना यायची, तोंड पुढे करायची, आणि भाऊंचा दुसरा हात पट्ट्यावर पडायचा. मग साखळी. पहिले काही दिवस जमलं. नंतर ती तुकडा ओढून मागे उडी मारायला शिकली. भाऊंनी तुकडा घट्ट धरायला सुरुवात केली, तिने जवळ येणंच सोडलं. मोठा तुकडा आला, मग अख्खा बांगडा आला. डिसेंबरात मला फोन आला तेव्हा तीन माणसं तिला घेरून कोपऱ्यात कोंडायचा प्रयत्न करत होती, आणि ती काळोख पडेपर्यंत पोफळींमधून फिरत राहायची.

"ताई, ती येते हो. पण हाताला लागत नाही," वहिनी म्हणाल्या.

पहिल्या संध्याकाळी मी काहीच केलं नाही. पडवीच्या पायरीवर बसून नुसतं बघितलं. भाऊंनी हाक मारली तशी मैना पाटावरून उडी घेत आली, शेपटी हलत होती. आंगणात पोचल्यावर चाल मंदावली. तुळशीपाशी आली तेव्हा कान मागे गेले. आणि मग ती उभी राहिली ती अशी: मान पुढे ताणलेली, नाक तुकड्याच्या दिशेने, पण सगळं वजन मागच्या पायांवर, पुढचा एक पंजा किंचित उचललेला. जीभ दोनदा ओठांवरून फिरली. खरं तर भाऊंचा डावा हात मांडीवर होता, तरी तिची नजर बांगड्यावर नव्हती, त्या डाव्या हातावर होती.

ते बघितल्यावर या कुत्रीला हाक शिकवायची गरज नाही हे स्पष्ट झालं. भाऊंनी तिला न कळत एक अगदी पक्का धडा दिला होता: खाऊ दिसला की मागून हात येतो. खाऊ हीच धोक्याची सूचना झाली होती. म्हणून तुकडा जितका मोठा, तितकी ती सावध.

आजींनी हाक मारली तर काय होतं, असं मी विचारलं. आजी म्हणाल्या, "मी कुठे हाक मारते? जेवण झालं की डवल्याने (पळीने) ताट वाजवते. ती येते, खाते." हाताला लागते का? "लागते की. मी कशाला धरू तिला?"

एकाच घरात, एकच कुत्री, एका माणसाकडे पूर्ण येत होती. म्हणजे स्वभावाचा दोष काढून मोकळं होण्याचा मार्ग बंद झाला.

आधी डॉक्टर

कुठल्याही शिकवणीआधी पशुवैद्याकडे जायचं हा माझा नियम आहे, आणि इथे तो उपयोगी पडला. पट्ट्याखालची कातडी सोलवटलेली निघाली. साखळीच्या ओढाताणीने आणि पावसाळ्यातल्या ओलीने केस गेले होते. शिवाय एक कान आतून लाल होता, मळ साचलेला. मानेकडे जाणारा प्रत्येक हात तिला खरोखर दुखवत होता. भीती आणि वेदना एकत्र असतील तर आधी वेदना काढावी लागते, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात जाते.

औषधं सुरू झाली, पट्टा काढून टाकला. डॉक्टरांशी बोलून आणखी एक बदल केला. गोचिडांसाठी मानेवर टाकायचे थेंब बंद करून तोंडाने द्यायची गोळी घेतली. गोळी खाण्यातून जाते, मानेला हात लावावा लागत नाही. सत्तरीच्या रानात गोचीड टाळता येत नाहीत, त्यांच्यापासून होणारा ताप कुत्र्याच्या जिवावर बेततो, त्यामुळे औषध थांबवणं शक्य नव्हतं. फक्त द्यायची रीत बदलली.

कोणते मार्ग समोर होते

भाऊंनी विजेचा झटका देणारा पट्टा इंटरनेटवर बघून ठेवला होता. त्यांच्या जागी मीही असते तर बघितला असता. बिबट्या दाराशी असताना माणूस झटपट उपाय शोधणारच. पण झटका बसतो त्या क्षणी कुत्रा समोर जे असेल त्याच्याशी तो जोडतो. मैनेसमोर त्या क्षणी असणार होते भाऊ आणि त्यांचा हात. ज्या हाताला ती आधीच घाबरत होती, त्याच्या भीतीला वेदनेची पक्की जोड मिळाली असती. हा मार्ग मी सरळ नाकारला आणि कारण सविस्तर सांगितलं. भाऊंनी ते मानलं.

दिवसभर बांधून ठेवणं हा दुसरा मार्ग. बिबट्यापासून सुरक्षित, पण साखळीला बांधलेली भित्री कुत्री हळूहळू येणाऱ्या-जाणाऱ्यांवर धावून जायला लागते, कारण पळायला जागाच उरत नाही. तेही नको होतं.

उपाशी ठेवून हाक मारावी, असं शेजाऱ्यांनी सुचवलं. यातला अर्धा भाग उपयोगाचा आहे. शिकवणी जेवणाआधी घ्यावी, भरल्या पोटी नव्हे. उपास मात्र घालू नये. भुकेने कुत्रा जवळ येतो, पण भीतीही तितकीच राहते, आणि अशा ओढाताणीत चावण्याची शक्यता वाढते.

शेजारचा एक म्हातारा, शांत कुत्रा होता. मैना त्याच्या मागे मागे फिरायची. त्याला आंगणात बोलावलं की ती येते, हे मुलाने हेरलं होतं. ही गोष्ट मी ठेवून दिली, आणीबाणीसाठी.

आम्ही निवडला तो मार्ग लांबचा होता: बोलावणं आणि बांधणं यांची पूर्ण फारकत, हाताची ओळख स्वतंत्रपणे नव्याने, आणि त्यानंतरच नवी हाक. सर्वांत कठीण प्रश्न असा की महिनोन्‌महिने चालणाऱ्या या कामात रोजच्या संध्याकाळचं काय करायचं? बिबट्या थांबणार नव्हता.

संध्याकाळ वेगळी काढली

"यू यू" त्या दिवसापासून बंद. कुणीही, कशासाठीही तिला हाक मारायची नाही. मोठं जेवण संध्याकाळी, उजेड असतानाच, मागच्या आंगणात. गडग्यावर जाळी लावून उंची वाढवली, बांबूचं फाटक बसवलं. उकड्या तांदळाची पेज, त्यात काटे काढलेली उकडलेली मासळी. कांदा-लसूण घातलेलं हुमण (माशाची आमटी) नाही, कारण कांदा-लसूण कुत्र्याला अपायकारक. जेवण त्याच वेळी, त्याच जागी, हाक न मारता. ती आपणहून यायला लागली.

फाटक बंद करणं म्हणजे पुन्हा तोच दगा तर नव्हे? या प्रश्नावर वहिनी आणि मी बराच वेळ बोललो. ती जेवायला बसली आणि पाठीमागे फाटक लागलं, असं रोज झालं असतं तर महिन्याभरात तिने जेवणही सोडलं असतं. म्हणून फाटक दिवसभरात अनेकदा लावायचं आणि उघडायचं, ती आत असो वा नसो. दुपारी ती आत खात असताना लावायचं आणि खाऊन व्हायच्या आधीच उघडायचं. फाटकाच्या आवाजाला अर्थच उरू नये. रात्री ते उघडत नाही हे तिला कळलं तोवर आत तिची गोणपाटाची जागा झाली होती, आणि झोपायच्या वेळी आजी खोबरं खरवडलेली करवंटी चाटायला द्यायच्या. मागचं आंगण पडवीला जोडलेलं आहे, त्यामुळे काळोख पडला की मधलं दार उघडून ती पडवीच्या ग्रिलच्या आत यायची. कुणीही तिला धरायचं नाही.

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच. सुरक्षिततेची सोय शिकवणीपासून वेगळी केली नसती, तर रोज संध्याकाळी घाई आडवी आली असती आणि दिवसभराचं काम पुसलं गेलं असतं.

हाताची ओळख

कान आणि कातडी बरी झाल्यावर हात घेतला. सुरुवात मुलाने केली. पायरीवर तिच्याकडे कूस करून बसायचं, समोरासमोर नाही. डोळ्यांत बघायचं नाही, वाकायचं नाही. उजवा हात गुडघ्यावर, तळवा वर, रिकामा. ती जवळ आली की डाव्या हाताने तुकडा तिच्या मागच्या बाजूला, लांब टाकायचा.

मुलाला हे पटेना. "ताई, जवळ आली तर लांब का घालवायची?"

कारण जवळ येताना तिच्या पोटात जो ताण साठत होता, तो लांब जाण्याने सुटत होता. मागे जाऊन तुकडा खाताना ती मोकळी व्हायची आणि मग पुन्हा येणं तिच्या मर्जीचं असायचं. येणाऱ्याला परत जायची वाट उघडी आहे हे पटलं की तो जास्त जवळ येतो. काही दिवसांत ती तुकडा खाऊन पळत परत यायला लागली आणि एका सकाळी रिकाम्या तळव्याला तिचं नाक टेकलं. त्या क्षणी तिच्या मानेवर हात फिरवायचा मोह आवरणं मुलाला किती जड गेलं ते मी बघितलं. त्याने आवरला.

इथून क्रम उलटवला. आधी भाऊंकडे खाऊ दिसायचा आणि मग हात यायचा. आता हात आधी, खाऊ नंतर. रिकामा हात हनुवटीखाली, मग थांबून तुकडा. बोट गळ्याला, मग तुकडा. नवीन, रुंद, मऊ पट्टा घातल्यावर एक बोट पट्ट्यात, मग तुकडा, मग बोट बाहेर. हात यायच्या आधी खाऊ दिसता कामा नये. खाऊ खिशातही नको, त्याचा वास येतो. मागे बाकावर डब्यात असावा. हा क्रम फक्त शिस्तीसाठी नव्हता. आधी येणारी गोष्ट ही मागून येणाऱ्या गोष्टीची सूचना होते. हात आधी आला तर हात म्हणजे खाऊ. खाऊ आधी आला तर खाऊ म्हणजे पकड, आणि मग आपण पुन्हा डिसेंबरातच.

मुलानंतर वहिनी, आणि शेवटी भाऊ. भाऊंना मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण तिचा हिशेब त्यांच्याशीच होता. त्यांना पहिल्यापासून, तळव्यापासून सुरुवात करावी लागली. मुलाच्या हाताला सवय झाली म्हणून बापाचा हात आपोआप चालत नाही. भाऊ पाळीवरून दमून यायचे आणि तरी पायरीवर कूस करून बसायचे, तिच्याकडे न बघता. हे प्रकरण यशस्वी झालं त्यात त्यांच्या या बसण्याचा मोठा वाटा आहे.

नवी हाक

जुनी हाक परत वापरायची नाही हे ठरलं होतं. शिवाय "यू यू" करून अख्खी वाडी कुत्र्यांना बोलावते. आजींचं ताट हा एक पर्याय होता, त्याच्याशी काहीच वाईट जोडलेलं नव्हतं. पण कुळागरात ताट आणि डवला घेऊन कोण हिंडणार? ते आजींचंच ठेवलं, जसं होतं तसं, आणि त्याचा दुसऱ्या कशासाठीही वापर करायचा नाही असं ठरलं.

शिट्टी घ्यावी असं मी सुचवलं. घाबरलेल्या माणसाचा आवाज चढतो, आणि संध्याकाळी उशीर झाला की भाऊंचा आवाज चढायचाच. शिट्टी कुणीही फुंकली तरी सारखीच वाजते. मुलगा फुटबॉल खेळतो, त्याने आपली शिट्टी आणली. ती नको म्हटलं. पलीकडच्या मैदानावर रोज चार वाजल्यापासून तशीच शिट्टी वाजते आणि तिच्यामागून मैनेला काहीच मिळत नाही. आत मणी नसलेली, वेगळ्या आवाजाची साधी शिट्टी घेतली आणि तीन छोट्या फुंकांची खूण ठरवली.

सुरुवातीला शिट्टीने तिला बोलावलंच नाही. ती ताटलीपाशी उभी असतानाच तीन फुंका आणि लगेच कोंबडीचं उकडलेलं काळीज. रोजच्या पेजेत न मिळणारी चीज, फक्त शिट्टीनंतर. शिट्टी वाजली की ती मान वळवून बघायला लागल्यावर पडवीतून आंगण, आंगणातून मागचं दार असं अंतर वाढवलं. आणि आली की काय? आधी बोट पट्ट्यात, मग काळीज, मग हात बाजूला आणि "जा!" दहातल्या नऊ वेळा तिला परत जाऊ द्यायचं, जे हुंगत होती ते हुंगायला. बोलावणं म्हणजे मजा संपली, असं कुत्र्याच्या मनात बसलं की तो हाक ऐकून विचार करायला लागतो.

लांब दोरीचा सराव कुळागरात करता येईना. पोफळींच्या बुंध्यांना दोरी अडकते आणि अडकलेली दोरी मागे खेचते. म्हणून कापणी झालेल्या मोकळ्या शेतात गेलो. दहा मीटरची हलकी दोरी, छातीला बांधायच्या पट्ट्याला. गळ्याला नाही, कारण धावताना झटका मानेला बसला असता. दोरी ओढायची नाही. ती दूर पळून जाऊ नये एवढ्यासाठीच दोरीचं दुसरं टोक हातात. शिट्टी दिल्यावर तिच्याकडे चालत न जाता उलट दिशेला चार पावलं टाकायची. पाठ फिरवून निघालेल्या माणसामागे कुत्रा सहज येतो. समोरून चाल करून येणाऱ्यापुढे थबकतो.

दोन वळणं

पहिलं काजूच्या हंगामात. बोंडूंचा वास सुटलेला, डोंगरावर माणसांची ये-जा, आणि माकडं. मुलाने मित्रांसमोर शिट्टी दाखवायचं ठरवलं, नेमकी मैना माकडांच्या मागे लागलेली असताना. ती आली नाही. त्याने पुन्हा फुंकली, पुन्हा पुन्हा फुंकली. ती बऱ्याच वेळाने परतली तेव्हा भाऊ तिला ओरडणार होते. वहिनींनी मध्ये पडून तिला तुकडा दिला.

त्या रात्री फोनवर घरच्यांशी बरीच चर्चा झाली. वहिनींचं बरोबर होतं. कुत्र्याच्या दृष्टीने ओरडा पळून जाण्याला मिळत नाही, परत येण्याला मिळतो. मुलाला मी एवढंच सांगितलं की न येण्याची खात्री असेल तिथे शिट्टी वाजवू नये, आणि वाजवली तर एकदाच. ऐकूनही काही घडत नाही असा आवाज कुत्र्यासाठी पानांच्या सळसळीसारखा होतो. पुढचे काही दिवस शिट्टी फक्त आंगणात वाजवली आणि तिची किंमत परत आणली.

दुसरं वळण चवथीचं, म्हणजे गणेश चतुर्थीचं. पावसाळ्यात दोरीचा सराव बंद होता, पण पडवीतलं काम चालू होतं आणि भाऊंच्या हाताला ती आता बेधडक हनुवटी द्यायची. चवथीच्या रात्री आरतीनंतर शेजारी मोठे फटाके लागले. मैना गडग्यावरच्या जाळीतून सुटून कुळागरात गेली. भर पावसात शिट्टी वाजवूनही आली नाही. भाऊंनी तेव्हा शिट्टीचा हट्ट सोडला आणि शेजारच्या म्हाताऱ्या कुत्र्याला सोबत घेऊन पाटाच्या कडेने चालत गेले. मैना त्याच्या मागे मागे घरी आली. ठेवून दिलेला पर्याय तिथे कामी आला.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दोन हातांवर थांबली. वहिनी रडवेल्या झाल्या होत्या. पुन्हा कूस, पुन्हा रिकामा तळवा, पुन्हा मागे टाकलेला तुकडा. या वेळी पहिल्यांदाइतका वेळ लागला नाही. ओळख पुसली गेली नव्हती, वरून भीतीचा थर आला होता, तो उतरायला थोडेच दिवस लागले.

काय निष्पन्न झालं

पुढच्या डिसेंबरात मी गेले तेव्हा तिन्हीसांजेला भाऊंनी मागच्या दारातून शिट्टी दिली. मैना व्हाळाच्या बाजूने आली, आंगणात चाल मंदावली नाही, आणि तिने भाऊंच्या तळव्यात हनुवटी ठेवली. पट्ट्याला हात, काळीज, मग पडवी. साखळी काढून टाकलेली आहे.

घरच्या चौघांकडे ती पूर्ण येते. पाहुण्यांकडे येत नाही, आणि त्यांनी हात पुढे करू नये असं घरचे दारातच सांगतात. माकडं किंवा रानडुकरं दिसली तर शिट्टीवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून काजूच्या डोंगरावर तिला दोरीशिवाय नेत नाहीत. नरकासुराच्या रात्री (दिवाळीच्या आदल्या रात्री फटाके भरलेले नरकासुराचे पुतळे जाळतात) तिला दुपारपासूनच आतल्या खोलीत ठेवलं, दारं-खिडक्या लावून, पंखा मोठा करून. ती घाबरली, पण पळाली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी, मैना आली त्या पहिल्या आठवड्यात पशुवैद्याकडे गेलं असतं तर कान तेव्हाच सापडला असता. लस टोचून आणली होती, पण तपासणी झाली नव्हती. रस्त्यावरचा कुत्रा घरात घेणाऱ्यांना मी आता हे पहिल्याच फोनवर सांगते.

बांधण्याची गरज दिवाळीनंतर अचानक उभी राहिली असं घरच्यांना वाटलं. पण सत्तरीत रानाच्या कडेला राहणाऱ्या घरी ती कधीतरी येणारच होती. कुत्री आल्या दिवसापासून संध्याकाळचं जेवण बंदिस्त जागेत दिलं असतं तर पाठलागाची वेळच आली नसती.

चवथीच्या फटाक्यांची तयारी पावसाळ्यात करायला हवी होती. तारीख पंचांगात छापलेली असते. त्या संध्याकाळी तिला आरतीआधीच आत घ्यायला हवं होतं, आणि गडग्यावरची जाळी पावसात सैल झाली आहे का हे बघायला हवं होतं.

भाऊंना शेवटी ठेवण्याच्या निर्णयावर मी अजून विचार करते. कुत्रीच्या दृष्टीने तो बरोबर होता. पण तोवर काही महिने घरातला कर्ता पुरुष आपल्याच कुत्रीपासून दूर बसत होता आणि ते त्यांना लागत होतं, असं वहिनींनी नंतर सांगितलं. तेव्हा त्यांना हात न लावता करता येईल असं एखादं काम द्यायला हवं होतं. संध्याकाळची पेज त्यांनीच वाढली असती तर ओळखीला अर्धी सुरुवात तिथेच झाली असती. आता ती पेज तेच वाढतात, आणि गाडीत बसायची सवयही तेच लावत आहेत, कारण पशुवैद्याकडे न्यायचं म्हटलं की मैना अजून रिक्षाच्या दारात अडून बसते.